नवसाचा रंग

अरे, दिल्लीहून शिकून परत आलो तेव्हा गावोगावची जुनी देवळं वाचवायचीच, असं मी ठरवलं होतं. पहिल्याच रविवारी आईवडिलांना घेऊन जळोचीहून निघालो आणि इंदापूरकडच्या एका जुन्या महादेवाच्या देवळात गेलो. माझे चुलते, तात्या, तिथं सेवेकरी आहेत. आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. कोरीव दगडी खांबांना चकचकीत गुलाबी ऑइलपेंट!

"तात्या, हा अडाणीपणा कुणी केला?"

तात्या झाडता झाडता म्हणाले, "तुझ्या बापानं. तुला दिल्लीत ॲडमिशन मिळावं म्हणून नवस बोलला हुता. मिळालं, मग रंगवलं दोन खांब."

"आणि बाकीचे दोन?"

"तू पास व्हावास म्हणून तुझ्या आईनं."

वडील लगबगीनं नंदीच्या पाया पडायला गेले. मी तात्यांपुढं हात जोडले. "निदान गाभाऱ्याला तरी हात लावू नका!"

"गाभारा तुझ्या लग्नाचा हाय."

"मग मी लग्नच करत नाही!"

आई शांतपणे म्हणाली, "पोरगी अजून ठरायची हाय. रंग मात्र आणून ठिवलाय."