दारावरची तारीख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वकील संघाचे सदस्य, न्यायालयातील आणि भूमी अभिलेख कार्यालयातील सहकारी, सत्कारमूर्ती तातेराव काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या नर्मदाकाकू आणि सभागृहातील सर्वजण, आपणा सर्वांना नमस्कार.

मी पुनम, भूकरमापक. ताब्याच्या कामात हद्द दाखवायला मी तीन वर्षं काकांबरोबर जाते. मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलं आहे.

काकांनी तेहतीस वर्षं बेलिफाचं काम केलं. समन्स बजावले, ताबा वॉरंट घेऊन दारांत उभे राहिले. अशा माणसाची वाट कोण बघतं? नर्मदाकाकू बघत असतील, तेवढ्याच. मग अशा माणसाच्या निरोपाला एका भाडेकरूच्या मुलीने का बोलावं? कारण काका माझ्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी सातवीत होते.

वारंगा फाट्यावर आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, मागे दोन भाड्याच्या खोल्या. पुढची साडेदहा बाय बारा, मागची त्याहून दोन फुटांनी लहान. दार निळं होतं. रात्री नांदेडकडे जाणाऱ्या ट्रकचा उजेड दाराच्या फटीतून येऊन समोरच्या भिंतीवरून सरकायचा. ते उजेड मोजत मी झोपायचे. त्यानंतर चार घरं बदलली. झोप लागते, पण मोजायला काही नसतं.

घरमालकाने खोल्या रिकाम्या करून मागण्यासाठी दावा लावला. काका समन्स घेऊन दुकानात दोनदा आले. बाबांनी दोन्ही वेळा हात मागे बांधले. त्यांचा हिशेब साधा होता. "सही केली का फसलो. घेतलंच न्हाई तर लागू कसं होईल?" हे फक्त आमच्या बाबांचं म्हणणं नाही. डोंगरकड्यापासून साखऱ्यापर्यंत मी ते दर महिन्याला ऐकते. समोर बसलेले वकील मान हलवत आहेत, म्हणजे तेही ऐकतात.

कायदा तसा नाही. समन्स नाकारला, तर तो दारावर चिकटवतात आणि न्यायालयाने मान्य केलं की तो बजावला गेला असंच धरतात. तारखेला कोणी आलं नाही, तर दावा एकतर्फी चालतो. त्यानंतर हुकूमनामा, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, ताबा वॉरंट. प्रत्येक पायरीला भाडेकरूला बोलता येतं, पण तिथं हजर असावं लागतं.

तिसऱ्या खेपेला बाबा तांब्याची तार आणायला नांदेडला गेले होते. आई मागे धुणं धूत होती. काकांनी निळ्या दाराला खळ लावली, कागद चिकटवला आणि मला विचारलं, "वाचता येतं का गं?"

मी म्हटलं, "येतं."

"मंग वाच. अठरा तारीख. बापाला म्हणावं, कागद नको घेऊ, पण तारखेला ये. काय सांगशील?"

मी ते वाक्य परत म्हणून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. असं करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

बाबा आले, त्यांनी कागद न वाचता खरवडून काढला आणि चुलीत घातला. या कागदाचं नाव घरात काढायचं नाही, असं सांगितलं. अठरा तारीख आली आणि गेली.

पुढे काका ताबा घ्यायला आले, तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "एवढ्या भाकरी होऊ द्या, भाऊ." घरमालकाच्या माणसाला घाई होती. काका ओट्यावर बसले. म्हणाले, "होऊ दे बाई. कागदाला भूक न्हाई लागत." शेवटची भाकरी झाल्यावर त्यांनी सामानाची यादी लिहायला घेतली.

नोकरी लागल्यावर मी त्या दाव्याच्या नकला काढल्या. काकांच्या अहवालात लिहिलं होतं: "घरी प्रौढ पुरुष हजर नाही. दारावर चिकटवून बजावणी केली." माझा उल्लेख नव्हता. काका, तुम्ही मला कागदावर येऊ दिलं नाही. त्याबद्दल आभार मानायला मी आज उभी आहे.

पण तुम्ही मला तीन वर्षांत एक प्रश्न कधी विचारला नाहीत. मी निरोप पोचवला होता का?

नाही. मी विसरले नव्हते. मला वाटलं, मी तारीख सांगितली, तर बाबांनी समन्स घेतल्यासारखं होईल. त्यांना ती कळलीच नाही, तर ती लागू होणार नाही. मी त्यांना वाचवत होते.

तारखेला गेलो असतो, तर घर राहिलंच असतं, असं मी म्हणणार नाही. बाजू मांडता आली असती. कदाचित वर्षभराची मुदत मिळाली असती. बारा महिने तो उजेड भिंतीवरून सरकला असता. आता तिथे लॉज आहे. मी नकाशावर ती जागा अचूक दाखवू शकते. त्या घरात परत जाऊ शकत नाही.

काकांनी आग्रहाने बोलावल्यामुळे माझे वडील देविदासराव आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चौदा वर्षं ते म्हणत आले, "माझ्या अडमुठेपणानं घर गेलं." मी ऐकत आले. एकदाही मध्ये बोलले नाही.

बाबा, काकांनी तारीख सांगितली होती. ती माझ्याजवळ होती.

वेळ संपली. काका, तुमचा पुढचा काळ सुखाचा जावो. आयोजकांची आणि सर्व श्रोत्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल, तर सभागृहाने पदरात घ्यावं. न बोलल्याची माफी मात्र तिसऱ्या रांगेकडे मागते. ती आज नाही मिळाली तरी चालेल. मी त्यांच्याबरोबरच घरी जाणार आहे.