चष्मेवाल्या बगळ्याचे एकशेवीस शर्ट

— नाही नाही, खोका तयार आहे, तो काय टेबलाखाली, चिकटपट्टी मारून, पत्ता लावून — तुम्ही वाकू नका दादा, थांबा, दोनच मिनिटं. खाली गाडी उभी आहे, मला कळतंय. उशीर झाला की कुरिअरवाल्यांना बोलणी बसतात, तेही कळतंय. पण एकदा खोका तुमच्या हातात गेला की गेला ना? परत बोलावता येतो का? येत असेल, पण त्यासाठी मामांना सांगावं लागेल, आणि मामा — म्हणजे या छपाईच्या दुकानाचे मालक, माझे सख्खे मामा — त्यांच्या डोळ्याचं परवाच ऑपरेशन झालंय. डोळ्यावर पट्टी घेऊन घरी पडलेत आणि दर दहा मिनिटांनी फोन, ‘कुरिअर गेलं का गं?’ बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याला निळी शाई लागलीय. उभेच राहता? बरं.

आत काही भलतंसलतं नाहीये हो, असं बघू नका! शर्ट आहेत. तलावाकाठी ते भेटवस्तूंचं दुकान आहे ना, त्यांचे. छातीवर बगळा — एका पायावर उभा, नाकावर चष्मा, पंखात वर्तमानपत्र. हा बघा, एक डाग पडलेला मागे ठेवलाय. हसलात! सगळेच हसतात. म्हणूनच तर मी तो निवडला. तीन दिवस शोधत होते. इंटरनेटवर चित्रांची दुकानंच असतात — लाखो चित्रं, रेघांनी बांधलेली, व्हेक्टर म्हणतात त्याला. नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कडा काही फाटत नाही. विकत घेईपर्यंत चित्रावर आडवं फिकट नाव असतं, घेतलं की जातं. मी घेतलं! चोरलं नाही, रीतसर घेतलं, पावती आहे माझ्याकडे.

मग अडलं कुठे? अडलं ते लायसन्समध्ये, म्हणजे चित्र वापरायच्या परवान्यात. दोन प्रकारचं असतं — एक साधं, एक मोठं. साध्यात जाहिरात करा, पत्रक छापा, चालतं. पण वस्तूवर छापून ती वस्तू विकायची असेल तर मोठं लागतं. आता तुम्हीच सांगा, या शर्टावरून बगळा काढून घेतला तर तो कोण घेईल? कोणी नाही. म्हणजे आपण विकतोय काय? शर्ट? छे, बगळा! हे मला कधी कळलं? काल. छापून, वाळवून, घड्या घालून झाल्यावर. अटींची अकरा पानं होती हो, मी पहिल्या पानावर ‘मान्य’ दाबलं — पदवी आहे माझ्याकडे, पहिल्या वर्गातली — आणि ‘मान्य’ दाबलं.

काय म्हणालात? मोठं घेऊन टाक? अहो, तेच करायला गेले! पान उघडलं तर, ‘हे चित्र आता उपलब्ध नाही.’ चित्रकारानेच काढून घेतलंय. का, कोण जाणे. नाव तरी काय त्याचं — किंवा तिचं — ‘जुनी पेन्सिल’. एवढंच. त्या साइटला पत्र लिहिलं, लगेच उत्तर आलं, माझा जीव भांड्यात पडला. उघडून बघते तर यंत्राचं उत्तर, ‘तीन दिवसांत संपर्क साधू.’ तीन दिवस! आणि तुम्ही आज उभे दारात.

अगं बाई! — काही नाही, प्रेसचा टायमर. रोज वाजतो, रोज दचकते.

मामांना विचारलं नव्हतं असं नाही. त्यांचं सुरुवातीपासून एकच, ‘तीस टक्के बदल कर, चित्र आपलं.’ हा त्यांचा कायदा. तीस टक्के मोजायचे कशाने, पट्टीने? पण मी केला बदल. गोल चष्मा होता, चौकोनी केला. शेपूट आखूड केलं. आणि खरं सांगू? गोलच छान दिसत होता. ज्याने काढला त्याला माहीत होतं, बगळ्याला गोलच शोभतो. मी तो बिघडवला, वर म्हणायचं काय, तर आपला केला.

नाही, घाई कळतेय हो मला. पण — खोक्यात कार्डं पण आहेत. शर्टाला दोऱ्याने बांधलेली. नुसते शर्ट असते ना, तर कदाचित मी तुम्हाला थांबवलंही नसतं. त्या दुकानवाल्या बाईंनी काल मामांना विचारलं, चित्रकाराचं नाव कार्डावर घालू या, लोकांना आवडतं. त्या नावासाठीच तर मी पावती पुन्हा उघडली, आणि खाली त्या अटी दिसल्या. आणि इकडे मामा फोनवर म्हणाले — मी ऐकत होते, समोर उभी होते — म्हणाले, ‘आमच्या भाचीनं काढलंय. हात सोन्याचा आहे पोरीचा.’ डोळ्यावर पट्टी, तोंडभर हसू. कॉलेज संपून दीड वर्ष घरी बसले होते, कोणी उभं करत नव्हतं, तेव्हा याच माणसाने स्वतःची खुर्ची दिली. आपलेच दात, आपलेच ओठ. ‘कार्डं छापून टाक,’ म्हणाले. छापली. एकशेवीस. ‘चित्र’, पुढे दोन ठिपके, पुढे माझं नाव.

पुढचं सांगणार नव्हते. हे फडकं बघा, शाई पुसायचं. शर्ट होता आधी, छपाईत बिघडून इथेच राहिलेला. उलगडते, थांबा — दिसते शेळी? रंग गेलाय, पण परीक्षेचा पेपर चघळतेय ती कळतं अजून. ही माझी. वसतिगृहात असताना वहीच्या मागच्या पानावर काढली होती. आमच्या वरच्या वर्गातल्या एकाने फोटो काढून नेला आणि सगळ्या वसतिगृहाचे शर्ट छापले. खाली बारीक अक्षरात त्याचं नाव. छापले कुठे? इथेच, मामांकडे. मामा अजून शाई पुसताना म्हणतात, ‘काय गुणी पोरगा होता, शेळी बघ कशी हसतेय!’ मी कधी सांगितलं नाही त्यांना. त्याला तरी कुठे काही बोलले? उलट रांगेत उभी राहून एक शर्ट विकत घेतला. तो अजून आहे माझ्या कपाटात. त्या मुलाचा मला इतका राग होता, इतका — आणि काल कार्ड छापून निघालं तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? अक्षर छान आलंय. देवाशप्पथ, आधी तेच वाटलं.

मग कार्डं काढून घे म्हणता? बाईंना मोजून सांगितलीयत. आणि नाही आली तर त्या कोणाला फोन करणार? मामांनाच. मामा म्हणणार —

फोन. हे बघा, नाव घेतलं आणि — हॅलो. हो मामा. जेवले. ड्रॉप्स घातले का मामींनी? …हो, आलेत ते. इथेच आहेत. …नाही, कसला गोंधळ? …मामा, मी काय म्हणते, तो बगळा — …हो. हो, सगळे म्हणतात छान आहे. …तुमची पट्टी निघाली की पहिला शर्ट तुम्हाला, हो. …हो मामा. देतेय. दिला.

ऐकलंत ना. घ्या. खालून धरा, जड आहे. सही? कुठे, या काचेवर? बोटाने? — ही काय झाली, नुसती वेडीवाकडी रेघ. हे माझं नाव वाटतच नाही. पुसून परत करू? चालतं? कोणाचीही, कशीही चालते?

बरं. मग जा तुम्ही. जा ना, गाडी उभी आहे.