कान झाकल्याशिवाय आत यायचं नाही

हॅलो?... हो, रेलीनच. माझ्या स्वयंपाकघरात दुसरं कोण असणार?... जरा थांब फर्गस, हात बरबटलेत, फोन खांद्यावर धरलाय. चीज-रोल गुंडाळतेय... चीज-रोल. परवाच्या शिकारीसाठी... अरे, खायचे रोल. दरवर्षी तूच निम्मे फस्त करतोस ते.

हो, लावलीय पाटी... हो, मायमायच्या दारावरच. शिकारीचं खोपटं तेच, मग पाटी काय गोठ्यावर लावू?... मीच लिहिली. मेंढरांवर खूण करायचा निळा रंग उरला होता. 'कान झाकल्याशिवाय आत यायचं नाही.' एवढंच लिहिलंय, शिव्या नाही घातल्या... तुला कुणी सांगितलं? डगलनं?... हां, भुलवायची प्लॅस्टिकची बदकं सोडायला आला असेल तळ्यात. मग त्यानं आतली फळीही पाहिली असणार.

सांगितलं का ते पण. छान. गावात रेडिओ कशाला हवाय.

हो, फळी मीच ठोकली. तुझ्या आणि माझ्या जागेच्या मधोमध, पुढच्या फटीपर्यंत... चार खिळे... फळी. लाकडाची फळी... तुझ्या बंदुकीची नळी माझ्या तोंडासमोर येऊ नये म्हणून.

नाही काढणार.

फर्गस, ऐक... अरे ऐक ना... बाबांनी बांधलं, मान्य आहे. पत्रे मी धरले होते, खिळे तू धरले होतेस, मला सगळं आठवतं. पण तळं कुणाचं? वाटणीच्या वेळी तुला ती दलदल नको होती. 'बेडूक पाळ' म्हणाला होतास मला. पाळले. आता बेडकांच्या राज्यात माझा कायदा चालेल.

हो, बाबा काही घालत नव्हते कानांवर. लोकर कोंबायचे. कुंपणाच्या तारेवर अडकलेली लोकर ओढायची, थुंकी लावून वळायची आणि कानात. तू अजून तेच करतोस. आपल्या साऱ्या खोऱ्याला वाटतं की मेंढीनं थंडी अडवली म्हणजे बंदुकीचा आवाजही अडवेल. लोकरीनं काही अडत नाही रे, फर्गस. कानाला ऊब येते, तेवढंच. आणि बाबा शेवटची आठ वर्षं आईला 'काय?' सोडून दुसरं काही म्हणाले का?

म्हातारपण नव्हतं ते. एकसष्टाव्या वर्षी कसलं म्हातारपण? तू चौसष्टचा आहेस.

सांगते. तुझ्या बायकोला सांगितलंय, मॉयराला, तुला नव्हतं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी मी इन्व्हरकार्गिलला जाऊन कान तपासून आले... कान. तपासून... हो, त्या काचेच्या खोलीत बसवतात, टुक असं वाजलं की बटण दाबायचं. मी बसले. बसूनच राहिले. मला वाटलं मशीन चालू करायला विसरली पोरगी. काचेतून बघते तर ती माझ्याकडे बघतेय, आणि तिचा चेहरा असा... जाऊ दे.

डावा गेला. बारीक आवाज सगळे गेले डाव्यातले. उजवा निम्मा उरलाय. तिनं दोनच प्रश्न विचारले. बंदूक कुठल्या खांद्याला लावता? म्हटलं, उजव्या. म्हणजे माझ्याच बंदुकीचा दणका डाव्या कानाला जास्त. बरं, डाव्या बाजूला कोण बसतं?

मी काय सांगणार होते?

मी तुला बोल लावत नाहीये. मी सांगतेय... फर्गस, बदक उजवीकडे वळलं की तू माझ्या पुढ्यातून नळी फिरवतोस आणि माझ्या कानापासून हातभर अंतरावर बार काढतोस. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा. एक्केचाळीस वर्षं. मी दरवर्षी हसले. घरी जाऊन उशीत डोकं खुपसून झोपले, कानात शिट्ट्या वाजायच्या, आणि पुढच्या वर्षी परत तिथंच बसले. चूक माझीही आहे. पण आता बास.

काय म्हणालास?

नाही, परत बोल. बोल ना... 'कान एवढे नाजूक असतील तर घरी बस आणि आमच्यासाठी अंडी तळ.' असं म्हणालास?

हे बघ. सोळाव्या वर्षापासून त्या बाकावर बसतेय मी. तुझ्यापेक्षा जास्त बदकं पाडलीत, मोजायची तर डगलला विचार, तो तुझा मित्र आहे. मला उरलेला कान ठेवायचाय आणि बंदूकही ठेवायचीय. दोन्ही. यातलं एक निवड म्हणायचा हक्क तुला कुणी दिला? अंडी तूच तळ. तुला येतात का तरी?

मॉयराला विचार म्हणे. बघ, हे असं आहे.

सगळं करून पाहिलंय मी, उगाच पाटी नाही लावली. ते स्पंजचे बोळे आणले आधी... बोळे. पिवळे... हो, तू गेल्या वर्षी बाटलीच्या बुचासारखे नुसते टेकवलेस आणि एक चहात पडला, तेच. तसे नसतात घालायचे. पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोट तिथंच ठेवायचं. मग बसतो. पण नुसता बोळा घातला की डगल 'खाली वाका' म्हणालेलंही ऐकू येत नाही. मग करवत चालवताना लावतात ते मोठे कानटोप घातले, दोन्ही कानांवर वाट्या असलेले. त्यांची वाटी इतकी जाड की बंदूक गालाला लावली की दस्ता वाटीला आपटतो, वाटी उचलली जाते, आणि एवढीशी फट पडली की सगळा आवाज आत. लोकरीच्या टोपीवर घातले तरी तेच. टोपी वरून घालायची, वाटी कातडीला चिकटली पाहिजे. चष्म्याची काडीसुद्धा नडते.

आणि मग ते बॅटरीचे आणले. बारक्या वाटीचे. बाहेरचा हळू आवाज मोठा करून देतात आणि बार झाला की क्षणात तोंड मिटतात. आत बोळे, वर हे. पत्र्याखाली दोन्ही लागतात, ती पोरगी म्हणाली.

बदकं ऐकू येत नाहीत? हेच ऐकायचं होतं मला तुझ्याकडून.

फर्गस, मला सहा वर्षं बदकं ऐकू येत नव्हती... सहा... अरे, मी टिबकडे बघायचे. कुत्रीनं कान टवकारून वर पाहिलं की मी वर पाहायचे. तुम्ही म्हणायचात, रेलीनचे कान बघा. रेलीनचे कसले, कुत्रीचे कान ते. आणि मला माहितीय तू कुणाकडे बघायचास. तू माझ्याकडे बघायचास. मी मान वर केली की तुझी बंदूक वर. मला दिसत नाही असं वाटलं तुला?

आता गेल्या वर्षीचं ऐक. अकराच पक्षी मिळाले. तू हवामानाला शिव्या दिल्यास, डगलच्या बदकं बोलवायच्या शिट्टीला दिल्यास, मी तुमच्याबरोबर मान हलवली. मार्चमध्ये टिबला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं, पायाला काटा लागला होता. त्यानं तिच्यामागे थाळी आपटली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही... बहिरी. ठार बहिरी. बारा वर्षं आपल्या पायाशी बसून त्या पत्र्यात. तिला कुणी विचारलं होतं? थवेच्या थवे गेले असतील डोक्यावरून, आणि खाली आपण तिघं रोल खात बसलो होतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

हस. मीही हसले होते. मग गाडीत बसून रडले.

नाही, ऐक, सांगायचं हे होतं. ते बॅटरीचे कानटोप घालून मी परवा पहाटे तळ्यावर गेले. बंदूक नेली नव्हती. आवाज पूर्ण वाढवला. आधी पाण्यातल्या लव्हाळ्यांची खसखस. मग पंख... पंख, फर्गस. ती शीळ. पिवळ्या कुरणाच्या बाजूनं आली, दिसायच्या आधी. सहा वर्षांनी. मी गुडघाभर चिखलात उभी राहून गाढवासारखी रडले.

म्हणून फळी राहणार. पाटी राहणार. परवा पाचला मी माझ्या जागेवर असणार. ज्याला यायचं त्यानं कान झाकून यावं, नाहीतर रस्त्याच्या कडेला उभं राहून बार काढावेत. डगल तयार आहे, विचार त्याला. फक्त तुझंच अडलंय. मॉयराच्या हाती तुझा बॅटरीचा जोड पाठवून आठवडा झाला.

बिघडलाय?... काय बिघडलंय? माझ्यासारखाच आहे, मी चालवून पाठवला होता... हिरवा दिवा लागतो का?... लागतो. मग?... मॉयराचं बोलणं ऐकू येतं?... मोठं येतं. ट्रॅक्टर?... मग बिघडलाय कसा?

कधी?... काल पहाटे. तुझ्या बांधावर. एकटाच गेलास.

...

किती बदकं होती?... वीस-बावीस. अगदी डोक्यावरून.

आणि काहीच ऐकू आलं नाही.

आवाज पूर्ण वाढवला होतास?... हो. हो, कळलं.

फर्गस... नाही, मशीन ठीक आहे रे. मशीन ठीक आहे.

...

आहे मी. फोनवरच आहे.

हे सगळं यासाठी होतं होय? फळी, बाबांचं मायमाय, मोडलेली रीत, अंडी? अरे गाढवा, मग तसं सांगायचंस. तासभर भांडलास माझ्याशी.

नाही, ऐक. आता माझं ऐक... नाही येत म्हणजे? कुणाला उपयोग नाही? बाबांना शेवटच्या वर्षी काय दिसत होतं की ऐकू येत होतं? त्यांना खुर्चीत घालून कुणी नेलं होतं तळ्यावर? तूच. तेव्हा विचारलं होतंस का, उपयोग काय यांचा?

मग झालं तर. तू तुझ्याच जागेवर बसायचं. मला शीळ ऐकू आली की मी फळीखालून बुटानं तुझा बूट दाबीन. डावीकडून आली तर एकदा, उजवीकडून आली तर दोनदा. मग मान वर कर... बूट. बुटानं... हो, मी ओरडतेय. ओरडणारच. चोरून माझ्याकडे बघून मारत होतास तेव्हा चाललं, आता उघड मार.

आणि कानटोप घालायचे. आत बोळेही... कारण मॉयरा ऐकू येते अजून. ट्रॅक्टर ऐकू येतो. मी ऐकू येते. तेवढं तर राहू दे. पाटीत तुझ्यासाठी सूट नाही. तू आहेस म्हणून तर मुळीच नाही.

पाचला. पाच... टिबलाही आणणार आहे. तिच्यासाठीही शोधतेय काहीतरी, डगल म्हणाला कुत्र्यांचे मिळतात... हसू नकोस.

काय?... काय म्हणालास?... पुसट आलं, थांब, फोन उजव्या कानाला घेते... हं. बोल आता.

...

कशाबद्दल?

...

माझ्या डाव्या कानाबद्दल.

हो. ऐकलं. मघाशीही नीट ऐकू आलं होतं, फर्गस. पण एक्केचाळीस वर्षांनी 'चुकलं' म्हणतोयस, दोनदा म्हटल्यानं काही बिघडलं नाही तुझं.

ठेव आता. ठेव.