रोणची गाडी

नागरत्ना : अव्वा, दार उघडा! चिन्नी तुमच्याकडे आहे ना?

गंगव्वा : हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा. ये आत.

नागरत्ना : (उंबऱ्यातच बसत) आहे ना... सुटले. रोणच्या रस्त्यात बसचा टायर गेला, फोनला रेंज नाही. गाडीत माणसं ओरडतायत, नि मला नुसती शाळेच्या फाटकाशी उभी पोरगी दिसतेय.

गंगव्वा : शाळेतल्या बाईंनी शरणप्पाला फोन लावला. तो हुबळीला, दुकानात. त्यानं मला लावला. वेगळे राहायला गेल्यापासून पहिल्यांदा आई आठवली लेकाला.

नागरत्ना : आणि तुम्ही लगेच गेलात?

गंगव्वा : मग काय मुहूर्त बघत बसू? आधी माझ्याकडं बघेचना. भाकरीवर शेंगाचटणी नि दही घातलं, मग आली मांडीवर.

नागरत्ना : उद्या डेपोत जाऊन राजीनामा देते, अव्वा. बास झालं.

गंगव्वा : का?

नागरत्ना : तुम्ही विचारता? ‘आमची सून बसमध्ये तिकिटं फाडणार नाही’ म्हणून घर कुणी डोक्यावर घेतलं होतं?

गंगव्वा : मीच. पण शिवरात्रीला तुझ्याच गाडीत होते. मागं, तोंडावर पदर ओढून. बायकांचं फुकटचं तिकीट तूच हातात दिलंस, वर बघितलंही नाहीस.

नागरत्ना : अगं बाई!

गंगव्वा : तो दारुडा कॉलेजच्या पोरीला खेटत होता. शिट्टी मारून भर रानात उतरवलंस त्याला. शेजारची म्हणाली, कुणाच्या घरची गं ही?

नागरत्ना : मग?

गंगव्वा : म्हटलं, माझ्या.

नागरत्ना : ...तेव्हाच हाक मारायची की मला.

गंगव्वा : जीभ उचलली नाही. ते जाऊ दे. शाळा सुटली की पोरीला मी आणत जाईन. तुम्ही दोघं इथंच जेवा नि तिला घेऊन जा. भाकरी मी थापते, भांडी शरणप्पानं घासायची.

नागरत्ना : ते? घासतील?

गंगव्वा : माझ्यासमोर नाही म्हणून दाखवू दे.

नागरत्ना : आणि मुक्कामाची गाडी लागली तर?

गंगव्वा : तर मुक्काम कर. पोरगी माझ्या कुशीत झोपेल.

नागरत्ना : अव्वा, मला रडू येतंय.

गंगव्वा : मग रड की. आता कुठं जायची घाई आहे?