दाताखाली वाजलेली साळ

बिलोलीच्या स्टँडवर देगलूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"पुनम, तुमची साळ व्यापाऱ्यानं बघताक्षणी घेतली म्हणं?"

"हाव, सिंधुअक्का. गावातल्या चौदा घरची पोती उघडली त्यानं. सगळ्यांत बुरशी, कुबट वास, दाणे काळे पडलेले. आमची तेवढी घेतली."

"औंदा ऐन काढणीत पाऊस झाला. तुमची कशी वाचली?"

"मामंजी दरसाल ढिगात हात घालतेत अन् म्हणतेत, वाळली, भरा पोती. औंदाबी तसंच म्हणाले. मी चार दाणे दाताखाली धरले, तर कट्ट वाजलेच न्हाईत, मऊ लागले. म्हणलं, भरू देणार न्हाई."

"सासऱ्यापुढं?"

"मग! मीच जाऊन ताडपत्रीवर बसले. अजून तीन दिवस ऊन दिलं, पायानं फिरवली. मामंजी माझ्याशी बोललेच न्हाईत. सारं गाव हसून राहिलं."

"अन् परवा?"

"व्यापाऱ्यानं इचारलं, इतकी कोरडी कशी? मामंजी छाती फुगवून म्हणाले, आमच्या घरात दाताखाली वाजल्याबिगर पोतं शिवत न्हाईत!"

"आगं बया! अन् तू?"

"मी पदर तोंडाला लावला. आता देगलूरला त्यांच्या बहिणीची साळ बघायला त्यांनीच धाडलंय मला."

"सोता का न्हाई गेले?"

"त्यांना दात कुठं हायत, अक्का!"