बंगल्याचा लोखंडी जिना

तुम्ही दिनकरचं नाव काढलंत म्हणून सांगतो, नाहीतर त्या माणसाबद्दल बोलायची माझी इच्छा नाही.

पवनीत नदीच्या अंगाला जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबानं बांधलेला बंगला होता. उतरतं कौलारू छप्पर, रंगीत काचांच्या कमानदार खिडक्या आणि आत वेलबुट्टीचा ओतीव लोखंडी गोल जिना. तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरलं, तेव्हा बंगला पाडू नये म्हणून मी आणि दिनकरनं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तरी एका सकाळी तो पाडलाच. दिनकर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

परवा त्याच्या नव्या घराची वास्तुशांती होती. आत पाऊल टाकलं, तर समोर तोच जिना! वर सोनेरी रंग फासलेला.

माझं डोकंच फिरलं. "दिन्या, हा जिना इथं कसा?"

तो जराही लाजला नाही. "अरे, तिथं भंगारात गेला असता. आपण वाचवाले निघालो होतो ना? म्या वाचवला."

"बंगला पाडाच्या आधी आनला का नंतर?"

"आधीच. नंतर कोन हात लावू देते?"

"म्हणजे पाडून राहिले, हे तुले माहीत होतं?"

"होतं ना. ठेकेदारानंच सांगितलं."

मी भर पाहुण्यांत ओरडलो, "मंग माझ्या खांद्यावर रडला कायले बे?"

"रडू नाही तं काय करू? खिडक्याही मलेच देतो म्हणाला होता, अन् सोताच घेऊन गेला!"