पहिल्या बहराचा वानोळा

समाज टिकतो तो वाटून खाण्यावर, असं निवृत्त मास्तरांनी दातांच्या दवाखान्यातल्या बाकावरून जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या शेजारणीने गाल धरला होता. समोरच्या शिंप्याला स्वतःचा ठणका विसरून ऐकावंच लागलं.

“मास्तर, तुमच्याच पेरूने दाढ तुटलीय माझी. उद्या लेकीचं लग्न, आणि मला तोंड उघडता येत नाहीये.”

“वहिनी, तो नुसता पेरू नव्हता, वानोळा होता. झाडाचा पहिला बहर आधी शेजाऱ्यांना चाखायला द्यायचा, त्याला वानोळा म्हणतात.”

“आधी शेजाऱ्यांना? म्हणजे तुम्ही चाखलाच नव्हता?”

“छे! मग तो वानोळा कसला? वानगी म्हणजे नमुना, त्याच घराण्यातला हा शब्द असावा.”

“नमुना कोण ते कळलं मला.”

“रागावू नका. पुढच्या वेळी पिकलेले देतो.”

“ते तुम्हीच खा. आणखी कुणाच्या गळ्यात मारलेत?”

“तुम्ही उजवीकडच्या. डावीकडे आपले हे डॉक्टर राहतात ना, पहिली पिशवी त्यांना.”

शिंप्याला हसताना कळ आली. तेवढ्यात आतून नर्स बाहेर आली.

“सगळ्यांनी घरी जा. डॉक्टर आज येणार नाहीत, त्यांची दाढ तुटलीय.”